आवाज कटून रायला

दुपारचे दोन. ओसरीवर बाज, डोक्यावर तापलेले टिनपत्रे आणि शेजारच्या घरातून व्हॉट्सॲप कॉलवरच्या मायचं चढत्या सुरात एकच वाक्य: "आवाज कटून रायला तुया! माया आयकू येऊन रायला का?" पुण्याचा पोरगा तिकडून "नाही" म्हणतो. आता, ऐकूच आलं नसतं तर "नाही" कोणत्या प्रश्नाला म्हटलं असतं?

पण त्या "नाही"मध्येही निदान दडलेलं असतं. पोराचं बोलणं मायला स्वच्छ येत असेल आणि मायचं पोराला तुटक जात असेल, तर दोष बहुधा जाणाऱ्या वाटेचा. टॉवर कित्येक वॅटच्या ताकदीने ओरडतो. हातातला फोन जेमतेम पाव वॅटने. त्यात वर टिन. काही करण्याआधी अंगणात यावं.

नेटवर्कच्या काड्या चार आहेत, व्हिडिओही धावतो, मग बोलणंच का तुटतं? व्हिडिओ पुढचा भाग आधीच भरून ठेवतो. बोलण्याला ती सोय नाही. अ‍ॅप साधारण 20 मिलिसेकंदांचा एक असे आवाजाचे तुकडे पाडतं, म्हणजे सेकंदाला 50. डेटा थोडासाच लागतो, पण वेळेवर लागतो. उशिरा आलेला तुकडा म्हणजे लग्न लागल्यावर आलेल्या अक्षता. फोन तो टाकून देतो. संध्याकाळी सारं गाव एकाच टॉवरवर आलं की काड्या तेवढ्याच राहतात आणि अक्षता उशिरा पोचतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये, स्टोरेज आणि डेटाखाली, कॉलसाठी कमी डेटा वापरायचं बटण आहे. ते सुरू करून पाहावं.

कॉल लावताना पडदाही वाचावा. "कॉलिंग" म्हणजे समोरचा फोन अजून सापडलेला नाही. "रिंगिंग" म्हणजे तिथे वाजतोय. कॉलिंगवरच अडकत असेल आणि आपलं नेट ठीक असेल, तर तिकडचं नेट बंद असतं किंवा बॅटरी वाचवण्याच्या नादात फोनने अ‍ॅपलाच झोपवलेलं असतं. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचं बंधन काढलं की "पोरगा फोनच करत नाही" ही तक्रार अर्धी मिटते.

आपला आवाजच जात नसेल तर आधी एक व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करून स्वतः ऐकावा. स्वच्छ आला तर माइक आणि त्याची परवानगी ठीक, शोध नेटचा. घुसमटलेला आला तर फोन उलटा करून चार्जिंगच्या भोकाशेजारचं टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पाहावं. वेचणीच्या दिवसांत खिशातल्या फोनच्या त्या छिद्रात कापसाचे तंतू असे बसतात की वरून नुसता करडा ठिपका दिसतो. मऊ कोरड्या ब्रशने झाडावं. टाचणी घालू नये. तंतू निघतो आणि माइकही जातो.

स्वतःचाच आवाज परत ऐकू येणं हा प्रकार सगळ्यांत अन्यायाचा. त्रास आपल्याला, दोष बहुधा समोरच्याचा: त्याच्या स्पीकरमधला आपला आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतो. तरी आपणच आपला फोन आपटत बसतो. त्याला स्पीकर बंद कर म्हणावं.

काडीपेटीच्या फोनला हे काही नव्हतं. दोन रिकाम्या पेट्या, मधोमध सुईने भोक, मायच्या डब्यातला दोरा आणि तो निसटू नये म्हणून आत बांधलेली अर्धी काडी. दोरा ताणलेला हवा. बाभळीच्या कुंपणाला जरा टेकला की आवाज मेला. एक बोलतो तेव्हा दुसऱ्याची पेटी कानाला, त्यामुळे दोघांनी एकदम बोलायची सोयच नाही. अ‍ॅपवर उशीर 400 मिलिसेकंदांपलीकडे गेला की दोघंही एकदम बोलतात, एकदम थांबतात, आणि पुन्हा एकदम "बोल बोल" म्हणतात. तिथेही पाळीपाळीने बोलणं हाच इलाज.

अजून एक. कोणी बोलत नसेल तेव्हा कॉल मेल्यासारखा वाटू नये म्हणून बऱ्याचदा फोन स्वतःच बारीक सरसर भरतो. अंगणातून बोलणं छान सुरू असतं, पोरगा विचारतो, "बाबा, कापसाले भाव काय लागला?" मग नुसती ती सरसर. पोरगा म्हणतो, "हॅलो? हॅलो?" काड्या चारही भरलेल्या.