४८ मतं आणि आमचा ग्रुप

आपला माणूस लाखभर मतांनी पडला ना, तर फार काही होत नाही, चार दिवस सगळे तोंड पाडून फिरतात आणि मग कामाला लागतात. पण ४८ मतांनी पडला तर काय होतं ते आम्हा जोगेश्वरीकरांना विचारा. आजही नाक्यावर कोणी सहज जरी "अठ्ठेचाळीस" म्हणलं तरी चार माणसं वळून बघतात.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. २०२४ ची लोकसभा, उत्तर पश्चिम मुंबई. जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम आणि अंधेरी पूर्व, हे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून एक खासदार. मशालीवर (ठाकरे गट) आमचे अमोल कीर्तिकर, धनुष्यबाणावर (शिंदे गट) रवींद्र वायकर. म्हणजे दोन्हीकडे शिवसेनाच, आणि तीही कशी, तर वायकर मार्च २०२४ पर्यंत उद्धव साहेबांबरोबरच होते, २००९ पासून आमच्या जोगेश्वरी पूर्वचे आमदार, आणि कीर्तिकरांचे वडील गजानन कीर्तिकर हे मावळते खासदार पण ते शिंदे गटात. मुलगा इकडे, वडील तिकडे. आता अशा लढतीत "आपले" आणि "त्यांचे" कसे वेगळे करणार, ज्या पोरांनी आयुष्यभर वायकरांच्या नावाच्या स्लिपा वाटल्या तीच पोरं दोन महिन्यात त्यांच्या विरोधात स्लिपा वाटत होती, म्हणून जे झालं ते जास्तच झोंबलं.

निकालाच्या दिवशी, ४ जूनला, मतमोजणी गोरेगावच्या नेस्कोमध्ये. आमचे भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर गटप्रमुख आहेत, ते बाहेर रस्त्यावर गर्दीत आणि मी घरी टीव्ही आणि मोबाईल दोन्ही घेऊन बसलेले. दुपारनंतर असं झालं की आघाडी कधी इकडे कधी तिकडे, मग मधेच काही चॅनलवर कीर्तिकर जिंकले असं लागलंसुद्धा, आणि झालं, आमचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. मशाली, भगवे झेंडे, "निष्ठा जिंकली", "गद्दारांना माती चारली", कोणीतरी ढोल-ताशाचा जुना व्हिडिओ टाकला, एका काकांनी तर पेढ्यांच्या बॉक्सचा फोटो टाकला, दुकानदाराने बांधायला घेतलेला, दोरी अर्धवट. आणि मग एकदम शांतता. म्हणजे मेसेज येतायत पण सगळे प्रश्नचिन्हंच. "फेरमोजणी चालू आहे म्हणे?" "कोण सांगतंय?" "आतून कोणी आहे का?" रात्री आकडा आला. वायकर ४,५२,६४४, कीर्तिकर ४,५२,५९६.

त्यानंतर तासाभरात जे मेसेज आले ते सगळे इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण एक प्रकार मला फार विशेष वाटला. शिव्या देऊन झाल्यावर लोक हिशोब करायला बसले. प्रत्येकाने आपापल्या बिल्डिंगमध्येच ती ४८ मतं शोधायला घेतली. अमक्या विंगमधले सहा जण गावी गेले होते, तमक्याच्या घरातली चार नावं यादीतून गायब, त्या दोन म्हाताऱ्या रांगेत उभ्या राहून कंटाळून परत आल्या, आणि ते दादा, ज्यांनी स्टेटसला मशाल ठेवली होती, ते स्वतः महाबळेश्वरला. (मतदान २० मेला सोमवारी होतं, शनिवार रविवार जोडून सुट्टी, मुंबईकराला आणखी काय पाहिजे.) कोकणातल्यांचं तर वेगळंच, रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान ७ मेलाच झालं होतं, आमची अर्धी चाळ त्याच्याआधी गावी गेली ती आंबे-फणस संपल्याशिवाय परत यायची नाही, आणि त्यांना आणायला गाड्या करायच्या असं शाखेत ठरलं होतं ते ठरण्यातच राहिलं. मग ग्रुपवर नावं घेऊन भांडणं सुरू झाली. "तुमच्या घरातली तीन मतं पडली असती तर" हे वाक्य मी त्या रात्री इतक्या वेळा वाचलं की विचारू नका, जणू त्या तिघांनीच वायकरांना दिल्लीला पाठवलं. मतदान पंचावन्न टक्क्यांच्या आसपास झालं होतं हो, म्हणजे जवळजवळ निम्मा मतदारसंघ घरी बसलेला, आणि नोटाला १५,१६१ मतं, तिसऱ्या नंबरवर नोटा! पण राग आला तो शेजारच्या विंगमधल्या तिघांचा.

हे दोन-तीन दिवस चाललं आणि मग एकदम सगळ्यांची सुटका झाली, कारण विषय मशीनवर गेला.

१५ जूनला तिकडे अमेरिकेत इलॉन मस्कने ट्विट केलं की इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रंच काढून टाकली पाहिजेत, ते आपल्याबद्दल नव्हतंच पण इकडे माजी मंत्री राजीव चंद्रशेखर यांनी त्याला उत्तर दिलं. आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या एका इंग्रजी पेपरात आमच्याच मतदारसंघाची बातमी, की नेस्कोमध्ये वायकरांच्या नातेवाइकाकडे जो मोबाईल होता त्यावर ओटीपी येऊन ईव्हीएम अनलॉक झालं. राहुल गांधींनी ती बातमी शेअर करून ईव्हीएमला ब्लॅक बॉक्स म्हणलं. त्या रविवारी आमच्या ग्रुपवर मी मोजायचं सोडून दिलं, इतके फॉरवर्ड. ज्यांना आपल्या आईच्या फोनवर गॅसच्या सबसिडीचा ओटीपी शोधता येत नाही ते काका मशीन कसं हॅक होतं ते समजावून सांगत होते.

त्याच दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की ईव्हीएमला ओटीपी लागतच नाही, ते कशालाही जोडलेलं नसतं, ओटीपी लागतो तो एन्कोर म्हणून जी निवडणूक आयोगाची आकडे भरायची सिस्टिम आहे तिच्या लॉगिनला. पेपरनेही नंतर चूक कबूल केली. मोबाईल आत कसा गेला हा प्रश्न मात्र खराच होता, आणि त्याबद्दल वनराई पोलीस ठाण्यात गुन्हाही दाखल झाला होता. पण ग्रुपवर खुलासा कोण वाचतो. खुलासा टाकला की तुम्ही विकले गेलात.

आता ही गंमत बघा, आणि हे मी त्या आठवड्यात ग्रुपवर लिहिलंही होतं, दोन अंगठे आणि एक संतापलेला चेहरा एवढाच प्रतिसाद आला. फक्त ईव्हीएमची मतं धरली तर कीर्तिकरांना ४,५१,०९५ आणि वायकरांना ४,५१,०९४. म्हणजे मशीनमध्ये आपला माणूस एका मताने पुढे होता! साडेचार लाखात एक मत. पडला तो टपाली मतांत, कीर्तिकर १,५०१ आणि वायकर १,५५०. एकोणपन्नासचा फरक, त्यातनं ते एक मत वजा करा, अठ्ठेचाळीस. ज्या मशीनला आम्ही महिनाभर शिव्या घातल्या त्याने आम्हाला जिंकवलं होतं आणि ज्या कागदी मतपत्रिकेसाठी आम्ही "बॅलेट आणा" म्हणून स्टेटस ठेवत होतो त्या कागदाने हरवलं. मशीन निर्दोष आहे असं मी म्हणत नाहीये, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या (मत दिल्यावर छापून पेटीत पडतात त्या) जास्त मोजाव्यात असं मलाही वाटतं. पण निदान आपण कुठे हरलो ते तरी नीट बघा ना.

टपाली मतांत पण बघण्यासारखं होतं. ही मतं कोणाची, तर ड्युटीवरचे कर्मचारी, सैन्यातले लोक, ८५ च्या वरचे आजी-आजोबा ज्यांचं घरी येऊन मतदान घेतात, दिव्यांग. यातली १११ बाद झाली होती. बाद कशाने होतात? तर सोबतचं घोषणापत्र नसतं, असलं तर त्यावर सही नसते, किंवा त्यावरचा नंबर आणि आतल्या पाकिटावरचा नंबर जुळत नाही, किंवा खूण अशी केलेली असते की मत कोणाला तेच कळत नाही. आणि आयोगाचा नियमच आहे की जिंकण्याचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी बाद मतं पुन्हा तपासायचीच. इथे ४८ विरुद्ध १११, म्हणून ती पुन्हा तपासली. हेच ग्रुपवर "रिकाउंटिंगमध्ये घोळ केला" म्हणून फिरत होतं. त्या टेबलाजवळ आपला काउंटिंग एजंट कोण होता, त्याने काय बघितलं, कशावर आक्षेप घेतला, हा प्रश्न एकानेही विचारला नाही. मी भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "वहिनी, पोस्टलच्या टेबलावर बसायला कोणी मागत नाही, तिथे मजा नसते, सगळ्यांना ईव्हीएमच्या राउंडला बसायचं असतं."

भाऊजींचा स्वतःचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता, टेंडर व्होट. म्हणजे तुम्ही बूथवर जाता आणि अधिकारी सांगतो तुमच्या नावावर मत पडून गेलंय. तुम्ही ओळख पटवून दिली तर मशीनवर नाही, कागदावर मत देता, ते पाकिटात बंद होतं आणि एरवी मोजलंच जात नाही. कीर्तिकरांनी मुंबई उच्च न्यायालयात जी याचिका केली त्यात अशा ३३३ टेंडर मतांचा मुद्दा होता. ३३३, आणि फरक ४८! ग्रुपवर ओटीपीचे शेकडो मेसेज आले आणि या ३३३ वर मला वाटतं तीन आले असतील, त्यातला एक भाऊजींचा. कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये याचिका फेटाळली, कारण कायद्यात नुसतं गडबड झाली म्हणून चालत नाही, त्याने निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे तपशिलासकट मांडावं लागतं आणि ते पुरेसं मांडलेलं नाही असं कोर्टाचं म्हणणं पडलं. आता तपशील कुठून येणार? बूथवरनं. आपला पोलिंग एजंट यादी घेऊन बसलेला असतो, समोर आलेला माणूस तो नाहीच असं वाटलं तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो, खरंच दोन रुपये, पण त्यासाठी एजंटला आपल्या भागातली माणसं तोंडाने ओळखता आली पाहिजेत. आमच्या एका बूथवर जो मुलगा बसवला होता तो कांदिवलीचा होता, कोणाचा तरी भाचा. तो काय ओळखणार आमच्या मेघवाडीतल्या बायका.

म्हणून मला मशीनवरच्या रागाचा कंटाळा येतो. मशीनला शिव्या दिल्या की कोणाला वाईट वाटत नाही, शाखाप्रमुखांना प्रश्न विचारायला नको, भाच्याला कोणी बसवला ते विचारायला नको, यादीतनं गायब झालेली नावं सहा महिने आधी का नाही तपासली ते विचारायला नको. समोरचे लोक पण काही वेगळे नव्हते हं, धनुष्यबाणवाल्यांच्या ग्रुपवर माझी मावसबहीण आहे, तिच्याकडनं स्क्रीनशॉट यायचे, तिथे "एका मताने जरी आलो तरी खासदार तो खासदारच" आणि "रडू नका, अभ्यास करा" चालू होतं, पण त्यांच्यातही कुजबुज होतीच, की एवढा आमदार, एवढी वर्षं, आणि जेमतेम ४८? दोन्हीकडे एकच जखम, फक्त त्यांच्याकडे पेढे होते.

मग नोव्हेंबरला विधानसभा आली. आमच्या जोगेश्वरी पूर्वमधून वायकरांच्या पत्नी मनीषा वायकर धनुष्यबाणावर उभ्या आणि मशालीवर अनंत नर, ज्यांना सगळे बाळा नर म्हणतात. यावेळी भाऊजींनी ऐकलं नाही कोणाचं, दिवाळीत फराळाच्या निमित्ताने घरोघरी यादी घेऊन फिरले, कोण मेलं, कोण विरारला शिफ्ट झालं, कोणाचं नाव दोनदा आहे, सगळं पेन्सिलीने. बूथवर तिथल्याच बायका बसवल्या. २३ नोव्हेंबरला नर १,५४१ मतांनी आले. तेही काठावरच की. त्याच दिवशी बाकी राज्यात महायुतीची त्सुनामी आली, मालेगाव मध्यमध्ये १६२ मतांवर निकाल लागला, साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी वाचले, आणि ३ डिसेंबरला माळशिरसच्या मारकडवाडीत लोक बॅलेटवर फेरमतदान घ्यायला निघाले ते पोलिसांनी होऊ दिलं नाही.

आमच्या ग्रुपवर त्या संध्याकाळी विचित्र परिस्थिती झाली. राज्यात हरलो म्हणून ईव्हीएमच्या नावाने बोंब मारायची होती आणि आपली सीट आली म्हणून गुलालाचे फोटो टाकायचे होते, दोन्ही एकाच वेळी चालू. शेवटी एका नवीन पोराने विचारलं, "काका, मग आपल्या इथलं मशीन चांगलं होतं का?" त्यावर अठरा जण टायपिंग करताना दिसत होते, आणि ॲडमिनने ग्रुप 'ओन्ली ॲडमिन्स' करून टाकला.