तुम्ही विचारलंत म्हणून : मनिला नाव स्पॅनिश आहे का?

मी मनिलात राहते म्हटलं की भारतातून येणारे पाहुणे, विशेषतः इंट्रामुरोसच्या, म्हणजे जुन्या स्पॅनिश शहराच्या, तटबंदीवर उभे राहिले की, हमखास विचारतात : "हे नाव स्पॅनिशच ना?"

नाही. स्पॅनिश सेनानी लेगास्पीने १५७१ मध्ये इथे स्पॅनिश राजधानी वसवली, तेव्हा पासिग नदीच्या मुखाशी राजा सुलायमानचं 'मायनिला' नांदतच होतं. स्पॅनिशांनी त्यातला 'य' तेवढा गाळला. तागालोग ही इथली भाषा बोलणारे अजूनही मायनिलाच म्हणतात. 'माय' म्हणजे 'आहे'. उत्तरेला मेकावायान आहे, तेही असंच : कावायान म्हणजे बांबू, बांबू असलेलं गाव.

मग 'निला' काय? इथे कुणालाही विचारा, उत्तर येतं : निलाद, खाजणात वाढणारं पांढऱ्या फुलांचं झुडूप. पाणी पुरवणाऱ्या कंपनीचं नावही मायनिलाद आहे. गोष्ट गोड आहे, पण मला पटत नाही. तागालोग बोलणारा शब्दाच्या शेवटचा 'द' असा सहजासहजी गिळत नाही, आणि जुन्या स्पॅनिश कागदांतही तो दिसत नाही. 'निला' म्हणजे नीळ. शहराचं नाव निळीच्या झाडांवरून पडलं. निळीचा व्यापार इथे वाढला तो अठराव्या शतकात, म्हणजे नावाचा त्याच्याशी संबंध नाही.

इथवर आलं की पाहुण्यांची छाती फुगते : "म्हणजे आपलंच संस्कृत!" शब्द संस्कृत खराच, पण तो मलय व्यापाऱ्यांच्या तोंडून इथे पोचला. आणि त्याची फिरस्ती पश्चिमेलाही तेवढीच. अरबांनी 'अन्-नील' केलं, त्याचं स्पॅनिशमध्ये 'अन्यिल' झालं. म्हणजे लेगास्पीची माणसं निळीला जे म्हणत, ते आणि मायनिलातलं निला, दोन्ही एकाच मुळाचे. त्यांना त्याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

मलय वाटेचा पुरावा इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लगुना ताम्रपट, इसवी सन ९०० चा. भाषा जुनी मलय, पण सुरुवात आपल्याला थेट वाचता येते : स्वस्ति, शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. त्यात 'तुंदुन'चा उल्लेख आहे, म्हणजे बहुधा पासिगपलीकडचं आजचं तोंडो. बाकी मजकूर देवाधर्माचा नाही, कर्ज फिटल्याची पावती आहे.