पंप नंबर दोनचं पुसलेलं पान

भांडुपच्या एका कारखान्यात मी महिन्यातून एकदा जाते. तिथले अकरा कामगार नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने पदवी करतायत, मी त्यांची संमंत्रक, म्हणजे अभ्यासात मार्गदर्शन करणारी. वर्ग नाही, फळा नाही. प्रत्येकाचा ई-पोर्टफोलिओ हीच आमची वर्गखोली: कामाचे फोटो, मोजमापं, मशीनच्या आवाजाचं रेकॉर्डिंग आणि खाली स्वतःच्या शब्दांत, हे मी असं का केलं. आम्ही 'महारा' ही प्रणाली वापरतो. ती न्यूझीलंडमध्ये तयार झाली, आणि माओरी भाषेत या शब्दाचा अर्थच 'विचार करणं' असा आहे. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांच्या शिकण्याला १ क्रेडिट (पदवीसाठी मोजलं जाणारं एकक) मिळतं आणि कामावरचं शिकणंही त्यात धरता येतं. पण तो तास शिकण्यात गेला की नुसता ड्युटीत, हे दाखवायचं कुठे? तर या पानांवर.

त्या दिवशी पाऊस होता, स्लो लोकल रखडत आली. मी उत्सुक होते ती एका पानासाठी. त्या बॅचमध्ये एक फिटर आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. आयटीआय करून लागले, बावीस वर्षं झाली. घर बदलापूरला. ठाण्याला गाडी बदलेपर्यंत फोनवर बोलून मराठीत टायपिंग करायचं, ही त्यांची अभ्यासाची वेळ. पंप नंबर दोनच्या मोटरचं बेअरिंग, म्हणजे फिरता दांडा पेलणारा भाग, दर दोन-तीन महिन्यांनी जायचं, त्यावर ते लिहीत होते. कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडला, तर पानच नाही.

"काका, पान कुठे गेलं?"

"काढून टाकलं, मॅडम."

बराच वेळ ते चहाचा ग्लास फिरवत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "फी कंपनी भरते ना. तर सगळ्यांनी आपापली पानं उघडून दाखवायची, असा निरोप आलाय. मी त्यात लिहिलंय की पहिल्यांदा मीच चुकलो. पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे."

चूक अशी होती. मोटरचा एक पाय बेडवर नीट टेकत नव्हता. याला 'सॉफ्ट फूट' म्हणतात. असा पाय बोल्ट आवळून बसवला की मोटरची बॉडीच पिळवटते. मग मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगवर डायलची, म्हणजे बारीक फरक मोजणाऱ्या उपकरणाची, रीडिंग कितीही सरळ येवो, आतल्या बेअरिंगवर ताण राहतोच. पहिल्या वेळी काकांनी पाय न तपासता अलाइनमेंट केलं, म्हणजे मोटर आणि पंपाचे दांडे एका रेषेत आणले. नवं बेअरिंग नवव्या दिवशी ओरडायला लागलं. दुसऱ्यांदा त्यांनी पायावर डायल लावून एकेक बोल्ट सैल करून पाहिला. एक पाय ०.२ मिलिमीटर उचलला गेला, साधारण ०.०५ च्या पुढे गेलं की दुरुस्त करावंच लागतं. त्याच पायाखाली शिम, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, भरल्या, अलाइनमेंट पुन्हा घेतलं. त्याला चार महिने झाले, पंप शांत आहे.

ते नऊ दिवस काढून टाकले तर उरतं ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडेल. परीक्षकाला दिसायला हवा तो माणूस, जो नवव्या दिवशी पुन्हा मोटरपाशी गेला आणि स्वतःच्या कामावर शंका घेतली.

मी तडक मॅनेजरांकडे गेले. रागातच होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, पैसे आम्ही भरायचे आणि बघायचंही नाही?" प्रश्न रास्त होता. सुरुवातीच्या करारात कोण काय बघणार हे आम्ही लिहिलंच नव्हतं, ती चूक आमची. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि समजावून सांगितलं. पान कुणाला दिसावं हे शिकणारा ठरवतो. तपासणीला दिलं की ते लॉक होतं, मग कुणालाच खाडाखोड करता येत नाही. कंपनीला प्रत्येक सत्राच्या शेवटी अहवाल मिळेल, पण त्यात काय ठेवायचं हे तो कामगार निवडेल. कच्चं लिखाण वरिष्ठांच्या नजरेखाली आलं की माणूस शिकलेलं लिहीत नाही, फक्त शोभेल तेवढंच लिहितो. ते ऐकत राहिले, दोन-तीन शंका विचारल्या, मग आधीचा निरोप मागे घेतल्याची नोट सही करून दिली.

पुसलेला मजकूर परत येणार नव्हता. पण काकांच्या फोनमध्ये दोन्ही रेकॉर्डिंग होती, दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं. मी हेडफोन लावला, मला फरक पुरता कळेना. काका मला शॉपवर घेऊन गेले, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या बॉडीवर टेकवलं आणि मूठ कानाला लावायला सांगितली. "आता ऐका. हा गोल आवाज आहे. तेव्हा त्यात खर होती." बावीस वर्षांत हे त्यांना कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

परत येऊन बसलो. ते बोलत होते, फोन लिहीत होता, 'शिम'चं 'सिम' करत होता, मी दुरुस्त करत होते. नऊ दिवसांचा भाग त्यांनी सगळ्यात वर घेतला. चारच्या सुमारास मॅनेजर कॅन्टीनमध्ये आले, मागे उभं राहून विचारलं, "हे आमच्या नवीन मुलांना दाखवता येईल का?"

मी काकांकडे बोट केलं.

"आधी तपासून येऊ दे साहेब," काका म्हणाले, "मग मी स्वतः दाखवतो."