रानटी फांदी

आज गिरणाऱ्याला मामांच्या बागेत द्राक्षाचं कलम भरताना बघत बसले. रानटी डॉगरीज वेलीचा खुंट, त्याला चीर, चिरेत चांगल्या थॉमसन द्राक्षाची काडी, वरून पट्टी घट्ट.

सकाळीच शरणपूरच्या चर्चमध्ये बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा ११ वा अध्याय ऐकला होता. पौल तिथे कलमाचं उलटं सांगतो: मूळ चांगल्या जैतुनाचं, इस्राएलचं, फांदी रानटी, म्हणजे आपण परराष्ट्रीय, यहुदी नसलेले. मामा म्हणाले, "असं कुणी शेतकरी करत नाही गं." पौलही म्हणतो, हे निसर्गाच्या उलट आहे! शिवाय तोडलेल्या इस्राएलच्या फांद्याही देव पुन्हा जोडू शकतो. ३२ व्या वचनात तर दया सर्वांवर. सर्वांवर!

यहुद्यांना नावं ठेवणारी बोलणी मी कितीदा गप्प बसून ऐकलीत. आता नाही ऐकणार. मूळ आपल्याला धरून आहे, आपण मुळाला नाही.