तुम्ही विचारलंत म्हणून: “हे आलं कुणाकडून?”

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या वर्गात एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलपणा) असलेल्या मुलांचे पालक येतात आणि पहिल्या एक-दोन भेटींत हा प्रश्न निघतोच. थेट विचारणारे थोडे. बाकीचे आडून येतात. “आमच्याकडे असं कुणीच नाही हो.” “हिच्या भावाला दहावी दोनदा द्यावी लागली होती, त्याचा काही संबंध?” “सासूबाई म्हणतात, हे पण लहानपणी असेच होते, पण हे तर इंजिनीअर झाले ना!” लग्नाकार्यात भेटणाऱ्या ओळखीच्या बायकाही विचारतात. मी आधी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे हे त्यांना माहीत असतं, त्यामुळे माझ्याकडे उत्तर तयारच असणार अशी त्यांची खात्री असते. उभ्याउभ्या अर्धवट काहीतरी सांगून मला आता वीट आलाय. म्हणून एकदा बसून लिहिते आहे.

तर, हो. बऱ्याच अंशी घरातूनच आलंय. जुळ्यांच्या 37 अभ्यासांची सरासरी काढली तेव्हा एडीएचडीची आनुवंशिकता 74 टक्क्यांच्या आसपास निघाली. हा आकडा लपवून काही साधत नाही. पण तो माणसामाणसांतल्या फरकाबद्दल बोलतो, तुमच्या एकट्या मुलाबद्दल नाही. याचं 74 टक्के चंचलपण जनुकांमुळे आणि उरलेलं 26 टक्के आईच्या लाडामुळे, असा हिशोब त्यातून निघत नाही. मला मात्र तो अनेकदा ऐकवला गेलाय, आणि दर वेळी उरलेल्या टक्क्यांपुढे आईच असते.

आता ‘कुणाकडून’. 2023 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एडीएचडी असलेल्या 38,691 लोकांच्या जनुकांची तुलना इतरांशी केली होती. एडीएचडीशी ठामपणे संबंध दिसला अशा डीएनएवरच्या 27 जागा सापडल्या, आणि प्रत्येकीचा परिणाम अगदी नगण्य. सगळा पसारा धरला तर असे सुमारे 7,000 बारीक फरक मिळून काम करत असावेत, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. त्यातले काही आईकडून येतात, काही वडिलांकडून, आणि ते तुमच्यात आहेत तसे माझ्यातही आहेत. एका माणसाकडे बोट दाखवता येईल असं त्यात काही नाही.

पूर्वी मी हे एवढं सांगायचेच नाही. “जीन्सचं सोडा, आपण अभ्यासाचं बघू” म्हणून विषय बदलायचे. त्या वेळच्या मला विचारलं तर ती आजही ठणकावून सांगेल की तिचंच बरोबर होतं, कारण या उत्तराची शिक्षा घरात कुणाला होते ते तिने पाहिलं होतं. मी तिला म्हणते, खरं दडवून तू त्या बायकांना वाचवलंस का? तर नाही. त्यांच्या घरात उत्तर आधीच ठरलेलं असायचं. मग ती म्हणते, निदान त्यावर माझा शिक्का तरी नव्हता. यापुढे आमचा वाद सरकत नाही.

एका संध्याकाळचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

घोडबंदर रोडवरून येणारं कुटुंब होतं, मुलगा तिसरीतला. वडील शांत, अभ्यासू, प्रत्येक कागद तारखेप्रमाणे फाईलला लावणारे. घरूनच लाळेचा नमुना पाठवायचा आणि मेलवर अहवाल मिळवायचा, अशी तपासणी त्यांनी तिघांचीही करून घेतली होती. रंगीत प्रिंट काढून आणले होते. ‘एकाग्रता’ असं शीर्षक असलेल्या पानावर तीन रकाने. मुलाच्या रकान्यात लाल ठिपका, आईच्या रकान्यात लाल, वडिलांच्या रकान्यात पिवळा. “मला कुणाला दोष द्यायचा नाहीये मॅडम,” ते म्हणाले. “फक्त कळलेलं बरं ना.” आई पिशवीतून पाण्याची बाटली काढून मुलाला देत होती. त्याने मागितली नव्हती.

ठिपक्याखाली बारीक अक्षरात जनुकाचं नाव होतं, सीओएमटी. या जनुकापासून बनणारं विकर (एन्झाइम) डोपामाइन हे चेतापेशींमध्ये निरोप पोहोचवणारं रसायन मोडून टाकतं, आणि कपाळामागच्या मेंदूत, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, त्या कामाला विशेष महत्त्व असतं. जनुकाची दोन रूपं आहेत. एकाचं विकर झपाट्याने काम करतं, दुसऱ्याचं सावकाश. ही दोन्ही रूपं जगभर सर्रास सापडतात. अवधानावर त्यांचा परिणाम एका अभ्यासात दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही, आणि दिसला तरी छोटाच असतो. त्यावरून एका मुलाबद्दल काहीही सांगता येत नाही. एडीएचडीचं निदान अशा तपासणीतून होतच नाही. ते होतं मुलाला पाहून, त्याच्याशी बोलून, घरचं आणि शाळेतलं ऐकून. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि बोट परत लाल ठिपक्यावर नेलं.

तेव्हा मी पान माझ्याकडे ओढलं. “लाल म्हणजे वेगवान रूपाच्या दोन प्रती,” मी म्हटलं. “मिसेसकडे दोन आहेत, याच्याकडे दोन आहेत. तुमचा पिवळा म्हणजे तुमच्याकडे दोन्ही रूपांची एकेक. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. मग याची दुसरी लाल प्रत कुणाची?”

ते काही बोलले नाहीत. शेजारची इमारत रीडेव्हलपमेंटला गेलीय, तिथला ब्रेकर तेवढा चालू होता. तेवढ्यात मुलाने तो कागद उचलला. चार ओळींचं गणित वाचताना तीनदा खिडकीशी जाऊन येणारा हा मुलगा. तो खाली बसला, ओळीखाली बोट धरलं आणि ते पान वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. मग मला विचारलं, “ताई, हिरवा कुणाला मिळाला?” मी म्हटलं, या पानावर कुणालाच नाही. “मग हिरवा असतो कुणाला?”

यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही. आठवतं ते जिन्यातलं. वडील गाडी काढायला पुढे गेले होते. आई चपला घालताना म्हणाली, “तुम्ही हिशोब बरोबर केलात ताई. पण घरी हा हिशोब मला पुरणार आहे का?”

दिवाळीनंतर ते यायचे थांबले. अंतर फार पडतं, असं कळवलं. मी बोलले ते योग्यच होतं असं मला आजही वाटतं. चुकीचा निष्कर्ष डोळ्यांदेखत टेबलावर पडलेला असताना गप्प बसणं मला जमत नाही. पण ती ज्यासाठी आली होती ते मी तिला दिलं नाही, हेही तितकंच खरं आहे. अर्धा दोष नवऱ्याकडे सरकवून तिचा अर्धा काही हलका होणार नव्हता.

दोष हा शब्दच जिथे लागू पडत नाही, ती बाजू मला त्या घराला सांगायची होती. ती इथे सांगते.

जनुक नुसतं असून काही होत नाही, ते वाचलं जावं लागतं. तुमच्या यकृताच्या पेशीत आणि मेंदूतल्या चेतापेशीत जनुकं तीच असतात. फरक पडतो तो कुठल्या पेशीत, कुठल्या वयात, कुठलं जनुक किती वाचलं जातं आणि त्यातून किती प्रथिन बनतं यामुळे. त्या 2023 च्या अभ्यासातही संबंध दिसलेली बरीच जनुकं मेंदूच्या अगदी सुरुवातीच्या घडणीत जोरात वाचली जाणारी निघाली. मूल जेव्हा पोटात असतं, कुणाच्या लाडाचा किंवा धाकाचा प्रश्नच नसतो, तेव्हाचं ते काम आहे.

हे वाचन जन्मभर चालू राहतं. काही नवीन अनुभवलं की त्या कामात गुंतलेल्या चेतापेशींत सी-फॉस, आर्क यांसारखी जनुकं काही मिनिटांत जागी होतात. नवीन प्रथिनं बनली नाहीत तर आठवण टिकत नाही, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. एरिक कँडेल यांनी ॲप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगायीवर आयुष्य घालवलं आणि थोड्या वेळाची आठवण कायमची होताना पेशीतली जनुकं कशी कामाला लागतात ते दाखवलं. 2000 सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणजे माझ्या वर्गात एखादी मुलगी सातचा पाढा घोकत असते तेव्हा तिच्या डोक्यात त्या क्षणी जनुकं वाचली जात असतात. “जीन्समध्येच आहे तर शिकवून काय उपयोग?” असं विचारणाऱ्या बाबांना मला हेच सांगायचं असतं. शिकणं होतं ते जनुकांच्या मार्फतच. ती शिकवण्याच्या आड येणारी भिंत नाही.

आणखी एक अभ्यास आहे, जो वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या प्रिया राजसेतुपती यांच्या प्रयोगशाळेने आनुवंशिकदृष्ट्या एकमेकांपासून खूप वेगळ्या अशा जवळपास 200 उंदरांचं अवधान तपासलं. ज्यांचं लक्ष चांगलं होतं त्यांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये होमर-1 या जनुकाची काही रूपं कमी वाचली जात होती. कमी, जास्त नव्हे. तिथल्या चेतापेशींवर गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचे ग्राहक (रिसेप्टर) वाढलेले होते. एरवीची बडबड कमी आणि नेमका इशारा आला की जोरदार प्रतिसाद, असं काहीसं तिथे घडत होतं. संशोधकांनी ही रूपं मुद्दाम कमी केली तेव्हा वाढीच्या ठरावीक वयात अवधान सुधारलं. मोठ्या उंदरांत तोच बदल करून तो फायदा दिसला नाही.

मला हे वाचून इतका आनंद का झाला, ते मला ठाऊक आहे. माझ्या वर्गात मी “लक्ष दे, लक्ष दे” म्हणणं केव्हाच सोडलंय. टेबलावर एकच वही ठेवते, भिंतीवरचे तक्ते काढून टाकलेत, सूचना एका वेळी एकच, आणि ब्रेकर सुरू झाला की सरळ मागच्या खोलीत जाते. जोर लावण्यापेक्षा गोंगाट कमी केला की मूल टिकतं, हे मी रोज बघते. म्हणून उंदरांचा तो निष्कर्ष मला माझ्या पद्धतीचा पुरावा वाटू लागला. तो तसा नाही. उंदराच्या चेतापेशीतलं जनुक आणि भिंतीवरचा तक्ता यांच्यामध्ये फार मोठं अंतर आहे. कुणी पालकाने अशी उडी मारली तर मी त्याला थांबवेन, मग मलाही ती मारता येणार नाही. तरी आशा वाटते, आणि ती का वाटू नये?

याच्याच जोडीला अलीकडे दुसरा प्रश्न येतो: “धाकटीला पण होईल का?” इथे मला गोड बोलता येत नाही. भावंडात एकाला असलं तर दुसऱ्याला असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते. जास्त म्हणजे नक्की, असं मुळीच नाही. ती लाळेची तपासणी मागवू नका. धाकटीकडे लक्ष ठेवा, शाळेत अडतंय असं वाटलं तर बालमनोविकारतज्ज्ञांना वेळेवर दाखवा. एवढं सांगितलं की समोरची आई बहुधा गप्प होते. ती काय मोजत असते ते मला दिसतं आणि मी त्यात पडत नाही.

काही पालक विचारतात की हे सगळं मुलासमोर बोलायचं का. बरीच वर्षं माझा नियम होता की मुलाला आधी बाहेर बसवायचं, मग बोलायचं. त्या मुलाने ते पान हातात घेतल्यापासून मला तो नियम पाळता येत नाही आणि मोडवतही नाही. त्याच्याबद्दल लिहिलेलं त्याने वाचू नये, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आणि ते ठिपके त्याने बघायला नको होते, असंही मला वाटतंच. सध्या मी मुलालाच विचारते, इथे थांबायचंय की मागच्या खोलीत जायचंय. बहुतेक जण थांबतात.