प्रकाशाने आखलेली चुंबकीय जाळी

टेबलावर सहा छोटी होकायंत्रे एका ओळीत, एकमेकांना जवळजवळ टेकवून ठेवावीत आणि पहिल्याजवळ लोहचुंबक नेऊन झटकन मागे घ्यावा. पहिल्या सुईची थरथर दुसरीत, दुसरीची तिसरीत उतरते; एकही सुई जागा सोडत नाही, तरी हालचाल पुढे सरकते. स्पिन लहरींचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर अजूनही हेच चित्र असते. तिथे सुयांऐवजी अणूंचे स्पिन, म्हणजे अणूंमधली जणू इवलीशी चुंबकेच, असतात, आणि वेग मंदावलेल्या भोवऱ्याचा आस जसा डोलत फिरतो, तसे ते चुंबकीय क्षेत्राभोवती घुमतात. भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉख यांनी ही कल्पना १९३० साली मांडली.

या लहरींसाठी संशोधकांचा आवडता पदार्थ म्हणजे यट्रियम आयर्न गार्नेट, अर्थात यिग. तो विद्युतरोधक असल्याने विद्युतप्रवाहातून निर्माण होणारी उष्णता त्यात नसते, आणि लहरही त्यात फार हळूहळू विरते. पाच गिगाहर्ट्झची रेडिओलहर हवेत सहा सेंटीमीटर लांब असते. त्याच वारंवारतेची स्पिन लहर काही मायक्रोमीटरमध्येही मावू शकते. यिगच्या पातळ थरावर ठरावीक अंतराने खाचा कोरून त्यांची जाळी केली, तर ज्या लहरीची अर्धी लांबी त्या अंतराइतकी असते ती परावर्तित होऊन अडते. मात्र एकदा कोरलेली खाच बुजवता येत नाही, आणि मला हीच या पद्धतीची खरी अडचण वाटते.

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न येथील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या अडचणीतून फार सुंदर वाट काढली. त्यांनी काहीच कोरले नाही. संगणकाने घडवलेला लेझरचा नक्षीदार प्रकाश यिगच्या थरावर पाडला. उजेडाच्या पट्ट्यांखाली थर तापतो आणि तापलेल्या जागी त्याचे चुंबकत्व किंचित घटते (सुमारे २८५ अंश सेल्सिअसला यिगची चुंबकीय शिस्त पूर्णपणे मोडते, पण तिथवर जाण्याची गरजच नसते). लहरीच्या दृष्टीने ही घट खाचेसारखीच असते. प्रकाश मालवला की थर निवतो, चुंबकत्व परत येते आणि जाळी पुसली जाते. पट्ट्यांमधले अंतर बदलले की अडणारी वारंवारताही सरकते.

उष्णतेची मर्यादा मात्र उघड आहे: ती पसरते, त्यामुळे पट्ट्यांच्या कडा बोथट होतात, आणि निवायला वेळ लागतो. उष्णतेवाचून स्पिनला हलवण्याचा मार्गही आहे. २००५ साली डिस्प्रोशियम ऑर्थोफेराइट या चुंबकीय स्फटिकावर वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे (ज्यात प्रकाशाचे विद्युतक्षेत्र गोल फिरत पुढे जाते), सुमारे २०० फेम्टोसेकंदांचे (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) लेझर स्पंद सोडण्यात आले, तेव्हा ध्रुवीकरणाची फिरण्याची दिशा उलटताच स्पिनचे डोलणेही उलट्या बाजूने सुरू झाले. हा धक्का विलक्षण चपळ आहे, पण तो लहर उठवतो आणि तत्क्षणी संपतो. लहरीची वाट हवी तितका वेळ आखून ठेवायची असेल, तर आज मी तरी त्या मंद, उबदार पट्ट्यांच्याच बाजूने उभा राहीन.