निखारा फुलेपर्यंत

संध्याकाळी देवापुढे ऊद घालायचा तर निखारा हवा, आणि निखारा हवा तर घरात चूल, बंब किंवा शेगडी यांपैकी काहीतरी पेटते असायला हवे. फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या कुटुंबांना ही अट परवडली नाही, त्यामुळे बरीच वर्षे त्यांनी उदबत्तीवर भागवले आणि पितळी धुपाटणे माळ्यावर गेले. आता ते पुन्हा खाली उतरू लागले आहे, आणि त्याचे श्रेय चक्क हुक्क्याला द्यावे लागते. हुक्क्यासाठी बनवलेले नारळाच्या कोळशाचे चौकोनी ठोकळे हल्ली घरपोच मिळतात आणि ते उदासाठी उत्तम चालतात. अडचण एवढीच की खोक्यावर लांब नळीचा रंगीत हुक्का ठळकपणे छापलेला असतो. आमच्या सासूबाई ते खोके चित्राची बाजू भिंतीकडे करून ठेवतात, कारण हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना प्रत्येक वेळी खुलासा कोण देत बसणार?

हा कोळसा होतो करवंटीपासून. करवंट्या पुरेशी हवा न देता जाळल्या की त्यांतला ओलावा आणि धूर करणारे वायू निघून जातात आणि जवळजवळ निव्वळ कार्बन मागे उरतो. तो दळून, त्यात खळीसारखा स्टार्च मिसळून, दाबाखाली ठोकळे पाडतात. एका ठोकळ्याची बाजू साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर असते. यातला बराच माल इंडोनेशियातून जगभर जातो. हुक्क्यात तंबाखू थेट जाळायची नसते. चिलमीवरच्या निखाऱ्याच्या आचेने ती नुसती भाजत ठेवायची असते. त्यामुळे कोळसा मंद जळणारा, कमी राखेचा आणि स्वतःचा वास नसलेला हवा, असा हुक्केकऱ्यांचा आग्रह असतो. उदाला याहून वेगळे काही लागत नाही. सासूबाईंचे माहेर रत्नागिरीजवळचे. तिथे बंबात करवंट्या जळतच असत आणि तिन्हीसांजेला त्यांतलाच एक निखारा चिमट्याने उचलून धुपाटण्यात जाई. त्यामुळे करवंटीचाच कोळसा खोक्यात भरून, वर विकत घ्यावा लागतो, याचे त्यांना अजूनही हसू येते.

बंबातला निखारा तयार मिळे. खोक्यातला कोळसा मात्र आपण पेटवावा लागतो, आणि तो काडी लावून पेटत नाही. काडीच काय, कापूर ठेवूनही एखादा कोपरा तेवढा लाल होतो आणि कापूर संपला की पुन्हा काळा पडतो. लाकूड पेटते तेव्हा मुळात त्यातून निघणारे वायू पेटतात आणि त्यांचीच ज्वाळा आपल्याला दिसते. कोळशातले ते वायू बनवतानाच काढून टाकलेले असतात. त्यामुळे त्याला ज्वाळेने धरता येत नाही. त्याचा पृष्ठभाग इतका तापवावा लागतो की हवेतला प्राणवायू त्याला तिथल्या तिथे जाळू लागेल. हे काम गॅसच्या मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटांचे आहे. इंडक्शनवर ते होतच नाही, कारण ती शेगडी लोखंडी भांडे तापवते आणि कोळसा तिच्या खिजगणतीत नसतो. विजेच्या तारेची जुनी शेगडी मात्र यासाठी गॅसहूनही चांगली, कारण तिला ज्वाळा नाही आणि भोकेही नाहीत. गॅसच्या बर्नरवर ठोकळे थेट ठेवले की त्यांची चूर भोकांत जाते आणि दुसऱ्या दिवशी दूध तापवताना पिवळी, अर्धवट आच पाहत बसावे लागते. म्हणून मध्ये पापड भाजण्याची जाळी हवी, आणि ती कोळशासाठी वेगळीच काढून ठेवलेली हवी, कारण लाल होऊन होऊन तिच्या तारा झिजतात आणि मग तिच्यावर पापड ठेवावासा वाटत नाही.

पहिली दोन-तीन मिनिटे काहीच घडत नाही. पावसाळ्यात खोके उघडे राहिले असेल तर कोळशाने दमट हवेतले पाणी ओढलेले असते, आणि ते वाफ होऊन सुटताना ठोकळा तडतडतो, प्रसंगी त्याची खपलीही उडते. तेवढा वेळ तोंड जवळ नेऊ नये. मग कडांवर करडी रेघ उमटते, तिच्या आतून तांबूस धार दिसू लागते आणि ती कडेवरून सपाट बाजूवर पसरते. स्वयंपाकघरातला दिवा क्षणभर मालवला तर कोळसा कुठवर पोहोचला ते नीट समजते, कारण उजेडात काळी वाटणारी बाजू अंधारात गडद तांबडी निघते आणि लाल वाटणारी नारिंगी. आता चिमट्याने ठोकळे उलटायचे आणि एकमेकांना खेटून ठेवायचे. एकट्या निखाऱ्याची धग चहूबाजूंनी निसटून जाते. दोन-तीन शेजारी असले की एकाची धग दुसऱ्याला लागते आणि ते एकमेकांना तापवत राहतात. गॅस बंद केल्यावरही कधी कधी त्यांच्या फटीतून बोटभर निळी ज्योत थरथरताना दिसते. तो कोळशातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड जळत असतो.

आता खरी कसोटी. निखारा सर्व बाजूंनी लाल झाला तरी मला तो लगेच धुपाटण्यात टाकायचा नसतो. रसरशीत निखाऱ्यावर उदाचा खडा ठेवला की तो भस्सकन जळतो, काळा धूर निघतो आणि जो वास येतो तो देवघरापेक्षा डांबराच्या पिंपाला शोभावा असा असतो. सगळ्या अंगावर पांढऱ्या राखेचा पातळ पापुद्रा धरेपर्यंत थांबले की ती राख धग थोडी अडवून धरते. मग खडा ठेवावा. आधी त्याच्या कडा घामेजतात, मग तो बसतो, त्यातून बारीक बुडबुडे येतात आणि पांढऱ्या धुराची एक सरळ दोरी वर चढू लागते. वितळलेला ऊद राखेत मुरतो, तपकिरी होतो आणि शेवटी काळा पडतो. त्या काळ्याला करपट वास सुटण्याआधी चिमट्याच्या टोकाने तो बाजूला सारून राख झटकायची आणि दुसरा खडा ठेवायचा. नीट फुललेला एक ठोकळा अशी ऊब पाऊण-एक तास देतो.

अर्धवट पेटलेला कोळसा उचलण्याचा मोह मात्र जबर असतो, कारण तोवर आरतीसाठी घरातले सगळे ताटकळलेले असतात. बाहेरून लाल दिसणाऱ्या त्या ठोकळ्याची एखादी बाजू काळीच असते आणि ती धुमसत राहते. ऊद घातला तरी त्याच्या सुवासात हा कच्चा वास मिसळतो आणि डोके जड होते. हुक्का ओढणारेही कच्च्या कोळशाविषयी हीच तक्रार करतात, फक्त त्यांच्या बाबतीत तो धूर खोलीत पसरण्याऐवजी थेट छातीत उतरतो.

या ताटकळण्यावर बाजाराने उपाय काढला आहे तो झटपट पेटणाऱ्या चकत्यांचा. चांदीच्या रंगाच्या कागदात गुंडाळलेल्या, एका अंगाला खळगा असलेल्या या काळ्या चकत्या आपण मजारीजवळच्या दुकानांत पाहतो. चर्चमध्येही अशाच वापरतात. काडीची ज्योत कडेला लावली की बारीक ठिणग्यांची रांग तडतडत या टोकापासून त्या टोकाला धावत जाते. ही करामत सोऱ्याची. कोळशात मिसळलेला सोरा तापला की प्राणवायू सोडतो आणि कोळशाला बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाही. सोरा, गंधक आणि कोळसा मिळून बंदुकीची दारू होते. त्यातले दोन घटक आपण हातात धरून काडी ओढत असतो, हे लक्षात घेतले तर ती चकती चिमट्यातच का धरावी ते वेगळे सांगायला नको. सोऱ्याचा तो उग्र वास ठिणग्यांबरोबर संपत नाही, मागेही रेंगाळतो, आणि चकती जितक्या तोऱ्यात पेटते तितक्याच लवकर ढेपाळते. सासूबाईंनी एकदाच ती वापरून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, हे देवापुढे की दिवाळीच्या अंगणात?" त्यानंतर ती चकती आमच्याकडे आलेली नाही. प्रवासात, जिथे गॅस नाही, तिथे तिचा उपयोग मी मान्य करते, घरी नाही.

कोळशाची खरी भीती भाजण्याची नसते, कारण लाल वस्तूला माणूस आपण होऊन बिचकतो. भीती आहे ती त्या निळ्या ज्योतीतल्या वायूची, तोही जेव्हा न जळता खोलीत साठतो तेव्हाची. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. उत्तर भारतात थंडीच्या दिवसांत खोली बंद करून अंगीठीजवळ झोपलेली कुटुंबे दगावल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. पूर्वी आपल्याकडेही बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवत, आणि ओवा, शेपा, वावडिंगाची धुरी बाळाच्या टाळूपर्यंत पोहोचवीत. निभावले ते जुन्या घरांच्या फटींमुळे आणि कौलांमुळे, असे मला वाटते. आजच्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या फट ठेवत नाहीत, आणि बाळाला धुरी देऊ नका असे डॉक्टर सांगतात ते योग्यच आहे. आमच्याकडे ऊद घालताना गॅलरीचे दार उघडे असते, डासांची भीती पत्करून.

हुक्क्याचा धूर पाण्यातून येतो, म्हणून तो धुऊन निघतो असे पुष्कळांना वाटते. पाणी धुराला गार करते, त्यामुळे तो घशाला टोचत नाही एवढेच; कोळशाचा वायू त्यातून सुखरूप पार होतो. घरातल्या तरुण मंडळींना हे सांगितले तर "कोळसा आणलात तुम्हीच ना?" असे ऐकावे लागते, ते असो. हुक्का घरी पोहोचण्याचे एक कारण हेही आहे की महाराष्ट्रात त्याची दुकाने बंद झाली. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत लोअर परळच्या कमला मिलमधल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जण मृत्युमुखी पडले. अग्निशमन दलाच्या अहवालाने हुक्क्याच्या निखाऱ्यांच्या ठिणग्यांकडे बोट दाखवले. पुढल्या वर्षी राज्याने तंबाखूविषयक कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली. बांबू, कापड आणि प्लॅस्टिकच्या छताखाली वाऱ्यात निखारे फुलवणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा पंख्याखाली कोळसा नेऊन पाहिला आहे त्याला पटेल: पंख्याच्या एका झोतासरशी राख उडते, आतला लाल रंग उघडा पडतो आणि तिच्याबरोबर दोन-चार ठिणग्याही हवेत जातात. त्या विझतात की पडद्यावर बसतात हे आपल्या हातात नसते. म्हणून गॅसपासून देवघरापर्यंत निखारा नेताना मी पंखे बंद करते आणि चिमट्याखाली स्टीलची ताटली धरते.

हे वाऱ्याचे शास्त्र कोळशाची इस्त्री फिरवणाऱ्याकडून शिकावे. कपड्यांचा ढीग समोर असताना इस्त्री मंदावली की तो झाकण उघडत नाही. कट्ट्याच्या बाहेर जाऊन ती जड इस्त्री हाताने मागे-पुढे झुलवतो. बाजूच्या भोकांतून वारा आत शिरतो, राख भुरभुरते, तो ओल्या फडक्यावर एकदा टेकवून आवाज ऐकतो आणि पुन्हा शर्टाची कॉलर घेतो. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने आता गॅसची इस्त्री घेतली आहे आणि ती हलकी पडते असे तो म्हणतो.

काम झाल्यावर निखाऱ्याचे काय करायचे हा प्रश्न उरतो. पाणी ओतू नये, धुपाटणे तडकते आणि राखेचा चिखल होतो. कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकू नये. वरून पूर्ण पांढरा दिसणारा ठोकळा आतून तासन्‌तास लाल राहू शकतो आणि डबे असतात प्लॅस्टिकचे. आमच्याकडे तो मातीच्या जुन्या परळात झाकण घालून रात्रभर ठेवतात. हवा तुटल्याने तो अर्ध्यावरच विझला, तर तो तुकडा दुसऱ्या दिवशी नव्या ठोकळ्याहून लवकर धरतो, त्यामुळे सासूबाई तो फेकू देत नाहीत. राख कढीपत्त्याच्या कुंडीत जाते, पण चिमूटभरच. खारी असते ती, जास्त झाली तर माती बिघडते. उरलेली राख सासूबाईंना पितळी भांडी घासायला हवी असते, आणि एका संध्याकाळच्या उदातून निघणारी राख एका ताम्हनालाही पुरत नाही, अशी त्यांची या खोक्यातल्या कोळशाविषयी एकमेव तक्रार आहे.